एका पाड्याची ओळ

तळोद्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज, मागच्या खोलीत क्लास. वेबसाइट बनवून द्या असं म्हणत या गावात फारसं कुणी येत नाही, पण मला मनापासून येतं ते तेवढंच. तरुणपणी सुरतेला एका लहान कंपनीत मी ते शिकलो. शिकवणारे गृहस्थ कडक होते आणि त्यांनी मला कडक भाषा शिकवली, एक्सएचटीएमएल.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढे जे झालं ते यावरच उभं आहे. वेबचं पान टॅग लावून लिहितात. मथळा सुरू झाला की एक टॅग, संपला की दुसरा. साध्या एचटीएमएलमध्ये एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर अंदाज बांधतो आणि सांभाळून घेतो. कडक भाषेत सांभाळून घेणं नाही. एक चिन्ह चुकलं की ब्राउझर तिथेच थांबतो, अमुक ओळीत चूक आहे असं इंग्रजीत सांगतो आणि पुढचं काहीही दाखवत नाही.

क्लासमध्ये मी जीपचं उदाहरण द्यायचो. तळोद्याहून मोलगीला जाणाऱ्या जीपमध्ये जागा नाही असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मागे लटका, टपावर बसा, कोंबड्या पायांत घ्या, जीप निघते. साधं एचटीएमएल म्हणजे ही जीप. कडक भाषेची जीप मात्र एक माणूस जास्त झाला तर सुरूच होत नाही. पोरं हसायची. पहाडातल्या पोरांना तर हसूही यायचं नाही, त्यांना खरोखर प्रश्न पडायचा की मग अशी जीप कशाला घ्यायची.

त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे मी तेव्हाही जाणून होतो. आमचं गाव तापीकाठचं, घरात आहिराणी. पहिली-दुसरीत असताना गुरुजींनी पुस्तक कुठे आहे असं विचारलं आणि मी म्हणालो, "मन्हं पुस्तक घर शे." त्यांनी मला वर्गासमोर उभं करून तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावलं आणि वर्ग हसला. त्यानंतर उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. एका शब्दासाठी सगळं तोंड बंद. कडकपणाचा हा तोटा मला कुणी पुस्तकातून समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या क्लासमध्येही तेच दिसायचं. साध्या भाषेत पोरांनी काहीही वेडंवाकडं लिहिलं तरी पडद्यावर काहीतरी उमटायचं, आणि पहिल्यांदा स्वतःच्या पाड्याचं नाव मोठ्या निळ्या अक्षरात बघून ती एकमेकांना ढोसायची. कडक भाषेत मात्र त्यांच्यासमोर नुसती इंग्रजी चूक यायची. दोन-तीनदा तसं झालं की पोरगं दुसऱ्या दिवसापासून येत नसे.

तरीही मी कडकच राहिलो. मला वाटायचं, यात फसवणूक नाही. चूक असेल तर ती तोंडावर सांगितली जाते. बायको म्हणायची, "घरनं दार उघडं टाकी जातस, आनि तठे बठीसन टॅग बंद करतस." ती म्हणायची ते खरं होतं.

मग मला ते काम मिळालं. एक संस्था पहाडातल्या पाड्यांवर सिकलसेलच्या रुग्णांसाठी गाडी पाठवते. गाडीत डॉक्टर असतात, रक्त तपासतात, पुढच्या महिन्याच्या गोळ्या देतात. आमच्या जिल्ह्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातला दोष, आईबापांकडून येतो. गोळ्या चालू असल्या की माणूस बऱ्यापैकी उभा राहतो, खंड पडला की सांधे आणि हाडं अशी ठणकतात की मोठी माणसंही ओरडतात. गाडी कोणत्या दिवशी कोणत्या पाड्यावर येणार हे सांगणारं एक पान संस्थेला हवं होतं. पाड्यांवरच्या आशाताई जिथे नेटवर्क सापडेल तिथे जाऊन ते पान उघडणार, गावाला सांगणार, लोक घरांपासून जरा लांब, गाडी पोचेल तिथल्या ठरल्या झाडाखाली जमणार.

मी ते पान कडक भाषेत लिहिलं. त्याला चांगलं कारणही होतं. पान शिस्तीत लिहिलेलं असलं की दुसरा प्रोग्रामही ते वाचू शकतो. मी एक लहानसा प्रोग्राम केला. तो पानातून एकेका पाड्याची ओळ उचलायचा आणि त्या-त्या ताईला फोनवर संदेश पाठवायचा. म्हणजे पान नाही बघितलं तरी संदेश जाणार.

मोलगीच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या आशाताईने पहिल्याच महिन्यात मला फोन केला. तिच्या घरी पावरी बोलतात, माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी.

"दादा, तारीख नको सांगू. आमच्याकडे तारीख कोण बघतं? बाजार सांग. मोलगीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, असं."

"पानावर तर तारीखच लागते, ताई. पण संदेशात बाजार घालतो."

"घाल. माझी मुलगीपण त्याच गोळ्या खाते, म्हणून विचारते."

मला तिचं म्हणणं फार आवडलं. प्रत्येक पाड्याच्या ओळीत, टॅगच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी मी बाजाराचा दिवस लिहायला लागलो. ब्राउझर तो दाखवत नसे, प्रोग्राम मात्र तेवढाच उचलत असे. ते शब्द दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये लिहावे लागतात. क्लासमध्ये आम्ही त्याला डबल कोट म्हणतो. एक उघडायचा, एक बंद करायचा.

काही महिने सगळं नीट चाललं. मग एक दिवस तिचा फोन आला.

"दादा, पान मेलं का?"

पान मेलं होतं. संस्थेच्या कार्यालयातून कुणीतरी वरच्या सूचनेत पाच वर्षांखालील मुलांना आणा असं लिहिताना शब्दांऐवजी गणितातलं 'पेक्षा कमी'चं चिन्ह टाकलं होतं. टॅगची सुरुवात त्याच चिन्हाने होते. ब्राउझरला वाटलं टॅग उघडला, आणि तो थांबला. सूचना सगळ्यात वर, म्हणून तिच्याखालचे सगळे पाडे गेले. साध्या भाषेत तेच चिन्ह निमूटपणे उमटलं असतं आणि कुणाला काही कळलंही नसतं. मी अर्ध्या तासात दुरुस्त केलं. पण तेवढ्यात पहाडातून इतके फोन आले की मी झेरॉक्सचं गिऱ्हाईक उभंच ठेवलं.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. कधी औषधांच्या दोन नावांमध्ये 'आणि'चं इंग्रजी चिन्ह, कधी कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून डकवलेला मजकूर. संस्थेचे समन्वयक तरुण होते, बोलायला मोकळे.

"सर, तुमचं पान म्हणजे सासूबाई झालीये. एका भाजीत मीठ कमी पडलं की सगळं ताट उचलून नेते."

"चूक कळते तरी त्यामुळे," मी म्हणालो.

"चूक मला कळून काय करू? मी गाडीत बसलोय डॉक्टरांशेजारी. लोक विचारतात, पान का पडलं? काय सांगू, एका चिन्हासाठी? तुमचा कडकपणा क्लासमध्ये ठेवा. मला चालणारं पान द्या."

त्यांची काही चूक नव्हती. लोकांना पान दिसायला हवं, माझी शिस्त नको. यातून एक मधली वाटही होती आणि मला ती ठाऊक होती. पान साध्या भाषेत ठेवायचं, म्हणजे लोकांसमोर ते कधी मरणार नाही, आणि वर चढवण्याआधी आपल्याकडे कडक तपासणी करून घ्यायची, म्हणजे चूक आपल्याच टेबलावर ओरडेल. मी तसंच केलं. समन्वयक म्हणाले, "आता कसं! छान." मला ते 'छान' गोड लागलं.

आणि मग हळूहळू मी तपासणी सोडली. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पान चालतंय, फोन येत नाहीत, सगळे खूश आहेत. तपासणी लावली की प्रत्येक वेळी काही ना काही निघायचं, दुरुस्त करत बसावं लागायचं, आणि दुरुस्त नाही केलं तरी पान सारखंच दिसायचं. संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामला ढिलं पान वाचता येईना. तो अडखळायला लागला तेव्हा मी त्यालाही बंद केलं. पान तर सगळे बघतातच, असं मी स्वतःला सांगितलं. फक्त ओळीतला न दिसणारा बाजाराचा दिवस मी लिहीत राहिलो. त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता. हाताला सवय होती, इतकंच.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नवापूरला मेहुण्याकडे साखरपुडा होता. त्याचा पोल्ट्रीचा व्यवसाय आहे, शेडच्या बाजूलाच मांडव घातला होता. समन्वयकांचा निरोप आला की पुढच्या महिन्याचे दिवस आजच चढवा. मी खुर्ची ओढून मांडवाच्या कडेला बसलो आणि फोनवरच काम उरकलं. फोनवर असं लिहिताना सारखा कीबोर्ड बदलावा लागतो. टॅग इंग्रजीत, गावाचं नाव आणि बाजार मराठीत, पुन्हा टॅग इंग्रजीत. बंद करायचा डबल कोट नेमका त्या बदलण्याच्या जागी येतो. मराठी संपलेलं असतं आणि इंग्रजी सुरू झालेलं नसतं. मोलगीच्या वरच्या त्या ताईच्या पाड्याच्या ओळीत माझ्याकडून तो कोट राहिला. मांडवातून कुणीतरी हाक मारत होतं, "दाजी, फोटोले चला ना, सगळा थांबेल शेतस!" मी पान एकदा वरून खाली बघितलं. नीट दिसत होतं. चढवलं आणि फोटोला गेलो.

कोट बंद झाला नाही की साध्या भाषेत काय होतं ते सांगतो. ब्राउझर पुढचा कोट सापडेपर्यंत सगळं त्या न दिसणाऱ्या जागेत ढकलत जातो. पुढचा कोट खालच्या पाड्याच्या ओळीत होता. तिथे त्याला वाटलं, आता बंद झालं. त्यामुळे खालचा पाडा नीट उमटला, वरचा नीट उमटला, आणि मधला एक पाडा नाहीसा झाला. जागाही रिकामी राहिली नाही, दोन्ही ओळी एकमेकींना लागून बसल्या. पान इतकं व्यवस्थित दिसत होतं की रोज बघणाऱ्यालाही कळू नये. कडक भाषा असती तर त्याच क्षणी सगळं पान पडलं असतं आणि फोटोला उभं राहायच्या आत मला फोन आला असता.

आमची कामाची पद्धत अशी की पुढचा महिना लिहिताना मागच्या महिन्याच्या ओळी उचलायच्या आणि तारखा बदलायच्या. पुढच्या महिन्यातही मी तसंच केलं. कोट नसलेली ओळ तशीच उचलली गेली. एक तारीख तेवढी मी निष्ठेने बदलली.

त्या ताईचा फोन आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

"दादा, एक विचारायचं होतं. आमच्याकडची गाडी बंद झाली ना?"

"नाही तर. कोण म्हणालं?"

"पानावर नाही. मागच्या महिन्यात पण नव्हती, या महिन्यात पण नाही."

मी पान उघडलं. मग त्यामागचा कोड उघडला. तिची ओळ तिथे होती. तारीख, झाड, सगळं होतं. फक्त कुणाला दिसत नव्हतं. मी विचारलं, "ताई, पहिल्याच महिन्यात फोन का नाही केला? पान मेलं होतं तेव्हा तर तू लगेच केला होतास."

"तेव्हा सगळंच गेलं होतं. म्हणजे बिघडलं, कळलं. या वेळी बाकीचे सगळे होते. आम्हीच नव्हतो. आमच्याकडे काही बंद होतं ते असंच होतं, दादा. कोणी सांगत नाही. बस बंद झाली तेव्हा पण कोणी सांगितलं नव्हतं."

इतकी वर्षं मी या दोन भाषांचे फायदे-तोटे फळ्यावर लिहीत आलो. एक बाजू इकडे, दुसरी तिकडे, मधे उभी रेघ. पण हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पान पूर्ण पडलं तर लोक म्हणतात, पान बिघडलं. एकच ओळ गेली तर ते म्हणतात, आपल्याला काढलं. आणि ज्यांना आयुष्यभर काढलंच गेलं आहे, ते विचारायलाही येत नाहीत.

मी लगेच कोट टाकला. ओळ वर आली. मग समन्वयकांना फोन केला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

"सर, गाडी दोन्ही वेळा वर गेली होती. झाडाखाली कोणी नव्हतं. दोनदा रिकामी परतली की तो थांबा बंद करतात, वरून तसाच नियम आहे. ती जागा आता दुसऱ्या पाड्याला दिली. परवाच झालं."

"पण त्यांना कळलंच नव्हतं! चूक माझी आहे. मी लिहून देतो तसं."

"द्या ना. मी पुढे पाठवतो. पण वरचे लोक पान उघडून बघणार, तर तुम्ही आता दुरुस्त केलंय. ते म्हणतील, ओळ तर आहे." मग थोड्या हलक्या आवाजात म्हणाले, "आणि सर, ती ओळ काढून टाका आता. नाहीतर लोक येऊन बसतील."

मी लिहून दिलं. माझ्या बाजूने जेवढं खरं होतं तेवढं सगळं लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा समन्वयक म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या आखणीत बघू म्हणतात." त्या दिवसांत मला जेवण जाईना. बायको बघत होती. शेवटी म्हणाली, "मंग तिले जाईसन सांगा. आठे तोंड पाडीसन बठाथीन काय व्हनार शे?"

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी मी जीपने निघालो. ड्रायव्हर ओळखीचा. "काय मास्तर, आज पहाडमा? बठा, बठा, जागा शे." जागा नव्हती. एका म्हाताऱ्याने मांडीवरचं गाठोडं उचललं आणि मी तेवढ्या जागेत मावलो. घाट चढताना माझ्याच उदाहरणाची मला लाज वाटत होती. या जीपने निदान कुणाला न सांगता खाली उतरवलं नव्हतं.

ताई बाजारात एका कडेला बसली होती. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, फोनवरून खूण ठरवली होती. शेजारी तिची मुलगी, दहा-अकराची असावी, दोन्ही गुडघे हातांनी आवळून बसलेली. डोळे पिवळसर. गोळ्यांत खंड पडला होता. आता दर महिन्याला तिला जीपच्या रस्त्यापर्यंत उतारावरून चालवत आणायचं, मग खालच्या दवाखान्यात, तिथे गोळ्या असतील तर मिळणार. दुखायला लागलं की तिला चालता येत नाही, आणि दुखणं थांबावं म्हणून तर गोळ्या.

मी सांगितलं. कोट म्हणजे काय, तो कसा राहिला, मी तपासणी कशी सोडली होती, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ओळ नव्हती म्हणून आम्ही गेलो नाही. आम्ही गेलो नाही म्हणून गाडी बंद."

"हो, ताई."

"मग आता ओळ लिहिली ना तू?"

"लिहिली. पण लिहून गाडी येणार नाही. त्यांनी थांबा बंद केलाय."

तिने माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, खरोखर समजून घ्यायचं होतं.

"न लिहिल्याने गेली. मग लिहिल्याने का येत नाही?"

मुलीने आईला पावरीत काहीतरी विचारलं. मला ते समजलं नाही. ताईने तिला दोन शब्दांत उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "ती विचारते, हे डॉक्टर आहेत का. मी म्हटलं, नाही." दोघी उठल्या. मुलगी उठताना थांबली, आईच्या खांद्याला धरून एक पाय हळूच टाकून बघितला, मग दुसरा. मी मदतीला हात पुढे केला, पण तोवर त्या निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायच्या आधी मी त्या पाड्याची ओळ काढली. ठेवून चालणार नव्हतं. ती पानावर राहिली असती तर लोक मुलांना पाठीवर घेऊन झाडाखाली येऊन बसले असते, न येणाऱ्या गाडीची वाट बघत. या वेळी मी फोनवरून नाही केलं. टेबलाशी बसलो, उघडणारा टॅग, बाजाराचा दिवस, पाड्याचं नाव, झाड, बंद करणारा टॅग, सगळं नीट निवडून पुसलं. मग कडक तपासणी लावली. आता ती मी कधीच चुकवत नाही.

एकही चूक निघाली नाही. पान बरोबर होतं.